नाव खोडलेला लेख

झेरॉक्सच्या दुकानातली रांग काही हलेना, तेव्हा मास्तरीणबाईंनी पुढच्या दोघांकडे कान लावला. एक कायद्याचे प्राध्यापक, दुसरी त्यांची विद्यार्थिनी.

“माझं नाव खोडलंस ना? परीक्षकाला लेखक कळला, तर जर्नलवाले लेख परत पाठवतात.”

“खोडलं, सर. पण त्रेपन्न तळटिपांपैकी एकेचाळीस तुमच्याच जुन्या लेखांच्या आहेत.”

“मग? या विषयावर दुसऱ्या कुणी लिहिलंय का?”

“लिहिलंय की! उरलेल्या बारा टिपांत तुम्ही त्यांनाच झोडपलंय.”

“त्या जरा मवाळ कर. परीक्षक त्यांच्यातलाच निघायचा.”

“आणि तुमच्या एकेचाळीस?”

“त्यांना हात लावू नकोस.”

“अहो सर, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल तुम्हाला!”

“ओळखू दे की. आपण नाव सांगितलं, हे सिद्ध करून दाखवावं त्याने.”