खोमूत

विचियन : ते काही नाही. शेवटच्या पानावरची ही नागमोडी खूण काढून टाकायची.

लमोम : बाबांनी प्रत्येक कवितेच्या शेवटी काढलीय ती, दादा. संपलं म्हणून.

विचियन : तिला काय म्हणतात ठाऊक आहे ना? खोमूत. म्हणजे सरळ सरळ गोमूत्र.

लमोम : जुनं नाव आहे. पोथ्या लिहिणारे सगळेच काढायचे.

विचियन : रविवारी बाबांना अग्नी द्यायच्या वेळी आमचे साहेब बँकॉकहून येतायत. रिवाजाप्रमाणे प्रत्येक पाहुण्याच्या हातात बाबांच्या कवितांचं हे पुस्तक पडणार. बाबांच्या नावाखाली गुरांचं मूत?

लमोम : साहेबांना कुठं कळतंय.

विचियन : पाली शिकलेत ते.

लमोम : मग आवडेल त्यांना.

विचियन : चेष्टा पुरे. तिथं पूर्णविराम दे.

लमोम : आपण थाईत वाक्याला पूर्णविराम कधीपासून द्यायला लागलो? रोज सरकारी कागद लिहितोस ना तू?

विचियन : मग जागा कोरी सोड.

लमोम : लोक म्हणतील, म्हातारा कविता अर्धी टाकून गेला.

विचियन : पण असलं नाव सुचलं तरी कुणाला?

लमोम : गाडीमागून चालणाऱ्याला. बैल चालता चालताच मुततो. धुळीत अशीच वळणावळणाची रेघ उठते.

विचियन : हे बाबांनी सांगितलं?

लमोम : तू सांगितलंस.

विचियन : मी?

लमोम : बाबा ताडगुळाची मडकी घेऊन बाजाराला निघाले होते. आपण दोघं गाडीमागं. तू नुकताच देवळातल्या शाळेत जायला लागला होतास. ती ओली रेघ काठीनं गिरवलीस आणि म्हणालास, ही बघ, गोष्ट संपल्याची खूण. मला कुणी शाळेत घातलं नाही. बाकीची अक्षरं नंतर बाबांनी शिकवली, पण पहिलं गिरवलं ते हेच.

(विचियन पान हातात धरून बसतो.)

विचियन : बाबांनी पाहिलं होतं?

लमोम : गाडी थांबवून. म्हणाले, हा शिकणार.

विचियन : छापखान्यात फोन कर. राहू दे म्हणावं ती खूण.

लमोम : छापून आलीत पुस्तकं. तीनशे. घराखाली रचून ठेवलीत.

विचियन : मग मला विचारायला कशाला आलीस?

लमोम : विचारायला नव्हते आले. वाचायला दिलं होतं तुला. बाबांनी तुझ्यावर लिहिलीय ती कविता. तू थेट शेवटचं पान काढलंस.