मुंग्यांचा रस्ता आणि शेवटचं घर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर, घरभेट विभागातल्या सर्व सिस्टर, चालक बंधू आणि माझ्या निरोप समारंभासाठी दुपारची विश्रांती सोडून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षांनी आत्ता मला 'मुंगीबाई' म्हटलं. हे नाव तुम्ही माझ्या पाठीमागे घेत होतात, आज समोर घेतलंत, बरं वाटलं! रुग्णांच्या घरी जाणाऱ्या सिस्टरांचे रस्ते मी संगणकातल्या मुंग्यांकडून ठरवून घेत असे. खरी मुंगी चालताना वास सोडते. जवळच्या वाटेवर तो दाट होतो, लांबच्या वाटेवरचा उडून जातो आणि मागून येणाऱ्या मुंग्या दाट वासाकडे वळतात. एकीलाही सगळा नकाशा ठाऊक नसतो, तरी वारुळाला रस्ता सापडतो. एवढ्याशा जिवाला कोण शिकवतं हे? माझ्या खोट्या मुंग्याही तेच करायच्या. अंधार पडेपर्यंत फिरणाऱ्या सिस्टर उन्हं असतानाच घरी जाऊ लागल्या.

फक्त थोरल्या सिस्टरांची गाडी रोज उशिरा. आमच्या विभागाचे साहेब वैतागले, "बाई, तुमच्या मुंग्या झोपा काढतात का?" शेवटी एके दिवशी मीच त्या गाडीत बसले.

शेवटचं घर एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं. पायाची पट्टी बदलून झाली, तरी सिस्टर उठेनात. आजोबा बोलत होते. समोरच्या खिडकीतली मांजर, गेलेल्या बायकोचा राग, मुलाचा न आलेला फोन. सिस्टर सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत होत्या.

जिना उतरताना मी म्हटलं, "या घराला वेळ वाढवून देते. पण साहेबांना कारण काय सांगू?"

"सांगा, जखम खोल आहे."

तेच सांगितलं. मुंग्यांनी मुकाट नवा रस्ता शोधला.

पुढे आजोबा गेले. त्या आठवड्यात थोरल्या सिस्टरांची गाडी सगळ्यांच्या आधी परतली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ते निघून गेल्यावर मी एकटीच संगणकाच्या पडद्यासमोर बसून राहिले. घरी जाऊन सांगणार कोणाला? तेवढ्यात सिस्टर दारात आल्या.

"बाई, आज वेळ उरलाय. त्याचं काय करू?"

"बसा."

त्या बसल्या. अंधार पडत गेला. दिवा लावायचंही सुचलं नाही. कामाशिवाय माझ्यासमोर कोणी बसल्याला किती वर्षं झाली होती, ते मला तेव्हा कळलं.

असो. आपण सर्वांनी या एकट्या बाईला आपलं मानलंत, मी मनापासून आभारी आहे. घरी ऐकणारं कोणी नसलं की माणूस मिळेल तिथे पाल्हाळ लावतं. तेवढं पोटात घाला.