सुकेळी आवडायची

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय हसनभाई परकार, अफशीनला आठ वर्षं शिकवणाऱ्या आणि आज आपल्या पाहुण्या म्हणून आलेल्या रईसा मॅडम, मंडळाचे सर्व पदाधिकारी, समोर बसलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, मागच्या रांगेत इंग्रजीत कुजबुजणाऱ्या मुलांनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती अफशीन, सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

आज शुक्रवार, १५ सप्टेंबर २००६. सकाळी आठच्या मिसाला चर्चमध्ये गेलो. घरी येऊन शर्टाला इस्त्री केली. जुम्म्याची नमाज झाल्यावर अल अमेरातला अफशीनच्या वडिलांकडे, अमीनच्या घरी जेवलो आणि चार वाजता त्याच्याच गाडीतून इथे आलो. माईक दोनदा बंद पडला, तो आता चालू आहे. पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मला दहा मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागली तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये, एवढी विनंती.

मी एडवर्ड तुस्कानो, मूळचा वसईचा. इथे मस्कतजवळ रुसैलच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळतो. दिवसभर माझं बोलणं म्हणजे ‘यल्ला, चला, ट्रक लागलाय’ आणि संध्याकाळी ‘खलास’. भाषण असं मी आजवर केलेलं नाही. म्हणून कागदावर लिहून आणलंय. मध्ये अडखळलो तर कागद शोधतोय असं समजा.

मला का बोलावलं, ते उघड आहे. आपल्या ओळखीतली जपानच्या विद्यापीठात एक वर्षासाठी शिकायला गेलेली पहिली मुलगी माझी क्लेअर. ती ऑक्टोबर १९९८मध्ये मुंबईच्या कॉलेजातून गेली. आता अफशीन पुण्याच्या कॉलेजातून सोमवारी निघते आहे. तेव्हा क्लेअरचा निरोप आधी देतो. ती आता जपानमध्येच असते, विमानतळावर न्यायला येणार आहे. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते ती समजावेल, त्यात चूक झाली तर शेजारी पिशवी परत दारात आणून ठेवतात म्हणे. आणि डुकराच्या मांसासाठी जपानीत जे अक्षर आहे, ते तिनं एका कागदावर मोठं काढून पाठवलंय. दुकानात पाकीट उचललं की मागे ते अक्षर शोधायचं. अफशीनच्या आईनं, सफूराभाभींनी, तो कागद पासपोर्टमध्ये ठेवलाय, म्हणजे तो हरवणार नाही.

इथपर्यंत माझ्या भाषणात काही अडचण नव्हती.

पण मघाशी जोहराबाईंनी माझी ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, “मुलीच्या शिक्षणासाठी ज्यांनी काळजावर दगड ठेवला, ते आपले एडवर्डभाई.” आपण टाळ्या वाजवल्या. जोहराबाईंचा हेतू चांगलाच होता. सात वर्षं मी ही स्तुती ऐकतो आहे. कुणी लिफ्टमध्ये करतं, कुणी चर्चच्या पायऱ्यांवर. मी मान खाली घालतो आणि लोकांना वाटतं, माणूस विनयी आहे. त्या टाळ्या आज मला परत करायच्या आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी काय घडलं ते सांगतो.

क्लेअर गेली आणि महिन्याभरात माझी बायको लुर्डस हिच्या दुखण्याचं निदान झालं. डॉक्टरांनी मुदतही सांगितली. लुर्डसनं मला समोर बसवून सांगितलं, “तिला कळवायचं नाही. परीक्षा होऊ दे. कळलं तर ती सगळं टाकून येईल.” क्लेअरचा फोन दर शुक्रवारी यायचा. त्याआधी लुर्डस उशीला टेकून बसायची, गरम पाणी प्यायची आणि माझ्याकडून केस विंचरून घ्यायची. मी एकदा म्हटलं, “फोनवर दिसत नाही गं.” ती म्हणाली, “मला दिसतं ना.”

एकदा क्लेअर सांगत होती, “मम्मी, इथे काकी नावाचं फळ असतं. लोक सोलून, दोरीला बांधून बाहेर वाळत घालतात.” लुर्डस म्हणाली, “अरे देवा, कुठल्या काकीला वाळत घातली? सगळ्यात आधी तुझ्या डॅडीची काकी पाठवते, बघ सुकते का.” दोघी इतक्या हसल्या की लुर्डसला खोकला आला, आणि मी घाईनं फोन घेऊन सांगितलं, लाइन खराब आहे.

गुरुवारी, २१ जानेवारी १९९९ला लुर्डस गेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. फोन वाजला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. अमीन होता, सफूराभाभी होत्या. मी सगळ्यांना हातानं गप्प केलं. वीस-पंचवीस माणसं श्वास धरून उभी राहिली. मी क्लेअरला म्हटलं, “आम्ही दोघं उद्या वसईला चाललोय.” ती म्हणाली, “अचानक? डॅडी, हनिमून आहे का?”

ते खोटं नव्हतं. आम्ही दोघं एकाच विमानानं गेलो.

वसईत दफनविधी झाला. लुर्डसच्या भावानं, ऑलविननं, सगळ्या नातेवाइकांना दम भरला की जपानला कुणी पत्र टाकायचं नाही. पुढच्या शुक्रवारी मी वसईलाच होतो. परत आल्यावर, ५ फेब्रुवारीला, फोन आला. “मम्मी कुठाय?” मी म्हटलं, “मम्मी वसईलाच राहिली.” तेही खोटं नव्हतं. क्लेअर म्हणाली, “मजा आहे तिची! तुला जेवायला कोण घालतं?” आणि मग तिच्या वसतिगृहातल्या मुलींनी कढी करायचा प्रयत्न कसा केला, ते सांगत पाच मिनिटं हसत होती. मीही हसलो. माझं हसणं तिला खरं वाटलं.

फोन ठेवल्यावर सफूराभाभी मला बोलल्या. त्या सहसा मला वर मान करून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. “एडवर्डभाई, पोरीचा हक हाय तो. रडायचा हक कोनी कोनाचा राखून ठेवीत नाय.” मी म्हटलं, परीक्षा बुधवारी संपते, मग सांगतो.

बुधवारी परीक्षा संपली. शुक्रवारी, १२ तारखेला, फोन आला. मला सांगता आलं असतं. लुर्डसचा शब्द पाळून झाला होता. पण मी मनात म्हटलं, आजच्या दिवस तिला सुट्टी मिळू दे. परीक्षा हे कारण संपलं होतं, मी दुसरं शोधलं. हे मी आज प्रथमच कुणासमोर कबूल करतो आहे.

ती त्या दिवशी खुशीत होती. म्हणाली, “डॅडी, मी ती सुकवलेली काकी घेतली, मम्मीसाठी. आपल्या सुकेळ्यांसारखी लागते, सेम. तिला आवडेल ना?”

इथे बसलेल्या सगळ्यांना सुकेळी माहीत नसतील. वसईची सोललेली, उन्हात वाळवलेली केळी. मधासारखी गोड होतात. लुर्डस ती डब्यात ठेवायची आणि डबा माझ्यापासून लपवायची.

मी म्हटलं, “आवडेल की. सुकेळी किती आवडायची तिला.”

 

क्लेअर म्हणाली, “डॅडी, आवडायची म्हणजे?”

आपल्या इथल्या मुलांचं मराठी आपल्याला ठाऊक आहे. मस्कतमध्ये वाढलेली मुलगी, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना इंग्रजी-हिंदी. ‘तो केळं’ आणि ‘ती दूध’ म्हणायची. लुर्डस तिला चिडवायची. मला कधी वाटलं नाही की ही एका शब्दाचं शेपूट पकडेल. नंतर तिनंच सांगितलं. त्या टर्ममध्ये त्यांना शिकवत होते की जपानीत नुसतं क्रियापद नाही, ‘चवदार’ हा शब्दसुद्धा भूतकाळात जातो. ‘ओइशी’ म्हणजे चवदार आहे. ‘ओइशिकात्ता’ म्हणजे चवदार होतं. त्याच्याच परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. चार महिने ती शब्दांची शेवटची अक्षरं ऐकायला शिकत होती. मी तिला जिथे शिकायला पाठवलं, तिथे ती खरोखर शिकली.

मी तेव्हा सांगितलं. तिनं विचारलं, “कधी?” मी तारीख सांगितली. ती बोटांवर दिवस मोजत असावी, कारण जरा वेळानं म्हणाली, “बावीस दिवस.” फोनवर रडली नाही. म्हणाली, “डॅडी, गेल्या शुक्रवारी मी हसत होते. तू मला हसू दिलं.”

मंडळी, तिचं वर्ष वाया गेलं नाही. ती पास झाली, पुढे तिथेच नोकरीला लागली. जे लोक माझं कौतुक करतात ते एवढंच बघतात. त्यांना शुक्रवारचा फोन दिसत नाही. सात वर्षं दर शुक्रवारी मी अमीनकडे जेवतो आणि तिथेच क्लेअरचा फोन येतो. ती विचारते, “डॅडी, कसा आहेस?” मी म्हणतो, “ठीक आहे.” त्यावर ती म्हणते, “फोन सफूरा आंटीला दे.” मग सफूराभाभी म्हणतात, “हाय गं, बरा हाय तुझा बाप. आत्ताच दोन भाकऱ्या खाल्ल्यान.” तेव्हा कुठे माझ्या मुलीला पटतं की मी बरा आहे. बापाचं ‘ठीक आहे’ तिच्या लेखी काहीच नाही. मी बावीस दिवसांत ते खर्चून टाकलं.

आता जे बोलणार आहे, त्याबद्दल अमीन, तू मला माफ कर. आपलं गाडीतलं बोलणं मी इथे काढतो आहे.

अमीन मला येताना म्हणाला, “एडवर्डभाई, तिला नीट सांगा, घरची काळजी करू नको म्हणावं. अम्माचं काय झालंच, तर आम्ही तिला वर्षभर कळवणार नाय. तुम्ही केलंत तसंच.”

अमीनची आई हवाबी रत्नागिरीला अंथरुणावर आहेत, हे आपल्याला माहीत आहे. अफशीनलाही माहीत आहे. आजीच्या कुशीत झोपलेली पोर आहे ती. अमीनचं मन मी ओळखतो. मत्रहच्या दुकानात गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा हा माणूस, मुलीला दुखवायचं त्याच्या मनात येणारच नाही. त्याला वाटतं, एडवर्डनं केलं ते बरोबर होतं. कारण एडवर्डनं सात वर्षं कुणाला सांगितलंच नाही की ते चूक होतं.

अमीन, ते चूक होतं. मी केलं तसं करू नकोस.

मुलगी परदेशात एकटी रडेल, ही भीती मला होती. ती रडलीच. फक्त बावीस दिवस उशिरा रडली, आणि तेव्हा तिच्याबरोबर रडायला कुणी उरलं नव्हतं. आमचे अश्रू संपले होते, घरातली माणसं आपापल्या कामाला लागली होती. तिच्या वाटणीचं दुःख आम्ही तिच्यामागे उरकून टाकलं होतं.

तेव्हा हॉलमध्ये सर्वांसमोर विचारतो. जे असेल ते, ज्या दिवशी असेल त्या दिवशी, अफशीनला कळवशील ना?

नुसती मान हलवू नकोस, अमीन.

‘बघू’ नको.

सफूराभाभी काही म्हणतात. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. त्या म्हणतात, “मी कळवीन. त्याच दिवशी कळवीन.” अफशीन, ऐकलंस? बस खाली, बाळ. पाणी द्या तिला कुणीतरी.

अफशीन, तुला उपदेश करायला मी उभा राहिलो होतो आणि तुझ्या बापालाच केला. तुला एकच सांगतो. तूही तिकडून ‘ठीक आहे’ म्हणताना ते खरं असेल तरच म्हण. ताप असला तर ताप आहे म्हण. पहिला महिना जड जातो, क्लेअरला गेला होता, तिनं मला चार वर्षांनी सांगितलं. आम्हाला रात्री झोप लागली नाही तरी चालेल. आईबापाचं ते कामच आहे.

आणखी एक सांगून थांबतो. लोकांना शहाणपण सांगणारा माणूस स्वतः कसा वागतो, ते विचारायचा आपल्याला अधिकार आहे. म्हणून आपण विचारायच्या आधी सांगतो. माझ्या तब्येतीची एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी ती मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितली. मी क्लेअरला कळवली नाही. आजही दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि फोन सफूराभाभींना दिला. त्या म्हणाल्या, बरा हाय. भाभी, तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे तुमच्या तोंडूनही मी खोटं वदवलं. परवा हा कागद लिहायला बसलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुठल्या रस्त्यावर पुन्हा उभा आहे.

ती गोष्ट काय आहे, हे मी इथे सांगणार नाही. कृपा करून चहाच्या वेळी कुणी विचारू नये. मागच्या वेळी सगळ्या बिल्डिंगला आधी कळलं होतं आणि तिला शेवटी. या वेळी ती पहिली.

अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचा आभारी आहे. मंडळानं मला बोलावलं, रईसा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, हॉलची व्यवस्था करणाऱ्या मुलांनी दुपारपासून खुर्च्या लावल्या, या सर्वांचे आभार. निरोपाच्या आनंदाच्या प्रसंगी मी जे बोललो ते कदाचित इथे बोलायचं नव्हतं. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाच्या घरातली गोष्ट उघडी पडली असेल, तर न बोलणाऱ्या माणसाला बोलण्याचं माप कळत नाही, असं समजून पदरात घ्यावं.

जपानमध्ये आता रात्रीचे साडेदहा होत आले असतील. ती अकरापर्यंत जागी असते. तुम्ही चहा सुरू करा, माझ्यासाठी थांबू नका. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन लावतो. अमीन, तू बस. मी एकटाच जातो.