कसाऱ्याला लाल होणारा काटा

(विक्रोळी, कन्नमवार नगरजवळचं गॅरेज. रविवार, सकाळचे साडेनऊ.)

मार्तंड : थांबा मॅडम, स्टार्टर मारू नका. काल संध्याकाळी लावून गेलात, त्यानंतर गाडी कोणी चालू केलेली नाही. ह्या पाइपला हात लावा.

क्षमा : गार आहे.

मार्तंड : आता चावी नुसती ऑन करा. स्कॅनरवर काय आलं?

क्षमा : एकशे सोळा.

मार्तंड : इंजिन गार, आणि हा म्हणतो एकशे सोळा डिग्री. खोटं कोण बोलतंय मग, तुमचा हात?

क्षमा : पण आधीचा मेकॅनिक म्हणाला, हेड गॅस्केट गेलं. इंजिन उघडायचं, पंधरा दिवस गाडी विसरा.

मार्तंड : कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होत होतं?

क्षमा : नाही. टाकी भरलेलीच असते.

मार्तंड : तापमानाचा काटा हळूहळू चढायचा की एकदम?

क्षमा : एकदम. कसाऱ्याचा घाट सुरू झाला की थेट लाल. दोन्ही वेळा तिथंच.

मार्तंड : काय केलंत मग?

क्षमा : पहिल्यांदा तशीच वळवली. दुसऱ्यांदा बॉनेट उघडून बसले, म्हटलं निवेल. चार वाजले तरी लालच. पाचनंतर मुलीला भेटायची परवानगी नाही मला.

मार्तंड : मुलगी नाशिकला असते?

क्षमा : त्याच्याही पुढे, दिंडोरीकडे. तिच्या वडिलांजवळ. कोर्टाने महिन्यातून दोन रविवार दिलेत, तेही त्या घराबाहेर. आज त्यातलाच एक.

मार्तंड : मग एसटीने जायचं ना मॅडम. एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा?

क्षमा : एसटीने गेले तर तिला घेऊन बसू कुठे? मागच्या सीटवर चादर टाकतो, डबा उघडतो, ती पाय लांब करून झोपते माझ्या मांडीवर. तेवढंच घर आहे आमचं.

मार्तंड : ...बरं. आता ही वायर सुटी करतो. आकडा वाचा.

क्षमा : वजा चाळीस.

मार्तंड : झकास. वायर सुटी केल्यावर तसंच यायला हवं. म्हणजे वायरिंग चांगलं आहे. मेलाय तो हा, बोटाच्या पेराएवढा. पाणी किती तापलं ते सांगणारा सेन्सर. आधी हादऱ्याने चुकायचा, आता कायमचाच गेला.

क्षमा : म्हणजे गाडी तापलीच नव्हती?

मार्तंड : नसणार. तापली असती तर पाणी उकळून बाहेर आलं असतं.

क्षमा : दोन्ही वेळा मी जाऊ शकले असते.

मार्तंड : ते आज कळतंय. लाल काटा दिसल्यावर घाट चढला नाहीत, बरोबरच केलंत. मीपण थांबलो असतो.

क्षमा : तिला कोण सांगणार हे? ती नऊ वर्षांची आहे, काका. तिच्यासाठी आई आली नाही, एवढंच.

मार्तंड : नवीन सेन्सर आहे माझ्याकडे. अर्धा तास द्या. तेवढ्यात चहा घ्या समोर.

क्षमा : नको. इथंच उभी राहते.

मार्तंड : ...हं, बसला नवीन सेन्सर. आता स्टार्ट करा. आकडे मोठ्याने वाचत राहा.

क्षमा : एकतीस. चाळीस. हळूहळू चढतंय. ...अठ्ठ्याऐंशी. पंचाण्णव. फॅन लागला.

मार्तंड : थांबा, घाई नको.

क्षमा : ब्याण्णव. फॅन बंद झाला.

मार्तंड : तापला की लागतो, निवला की थांबतो. जा आता. पावणेअकरा झालेत, अडीचपर्यंत पोचाल.

क्षमा : आधी तिला फोन करते. ...हॅलो, तेजल?

तेजल : आई, तू घाटात आहेस का?

क्षमा : अजून विक्रोळीत आहे. गाडी दुरुस्त झाली, आता निघते.

तेजल : आजी म्हणते, घाटातनंच परत जाशील.

क्षमा : नाही गं. गाडीला काही झालंच नव्हतं. सांगते आल्यावर.

तेजल : मग मी फाटकाशी जाऊन बसते.

क्षमा : आत्तापासून नको. अडीच वाजतील मला.

तेजल : मागच्या वेळीपण मी जेवायच्या आधीपासून बसले होते.

क्षमा : बस मग. पण उन्हात नको, चिंचेखाली सावलीला बस.

तेजल : सावलीतनं रस्ता दिसत नाही, आई.