सूनबाईच्या कॉम्प्युटरची बिजागरी

नको, चहा नको. कालच हॉटेलातून मागवलात माझ्यासाठी — बायको मुलीला घेऊन माहेरी गेलीय, घरचा पाजता येत नाही म्हणालात — तेवढं पुरे झालं. आणि स्टूलही नको, उभा बरा आहे मी. बिजागरी राहू द्या. झाली नसेल तर नसू दे, मोडकी तर मोडकी, काल दिली तशी वस्तू परत द्या, तुमची मजुरी तुम्हाला मिळेल. — उघडलंय? हो, दिसतंय, तळच काढून ठेवलाय तुम्ही. मग लावा परत. मी थांबतो. आणि स्क्रू जागच्या जागी लावा, घाईत एखादा राहतो आणि मग मेकॅनिक म्हणतो, तो आधीपासूनच नव्हता. मला माहीत आहे सगळं, कारखान्यात लेथवर टर्नर होतो मी. उभ्या जन्मात एक जॉब बिघडवला नाही, एक वस्तू हातून मोडली नाही. म्हणून तर ती बिजागरी बघवेना. सूनबाई घरातून काम करते ना, तर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या पाठीमागे पुस्तकांची चवड लावायची, का, तर पडदा मागे पडतो. मी म्हणालो, दे, नीट करून आणतो. म्हणते, नको बाबा, ऑफिसचा आहे, बाहेर द्यायचा नाही, ऑफिसचाच माणूस येईल. कुठला येतोय. काल ती नातीच्या शाळेत गेली आणि मी कपाट उघडलं. — हो, कुलूप होतं की. पण घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. घर मी बांधलंय.

ही कसली पट्टी? ही, बाजूला काढून ठेवलेली. बघू जरा — बघू द्या हो, पाडत नाही. एवढीशी? बोटाएवढी? यातच सगळं असतं? बाकीचा नुसता डबा, आणि जे काय आहे ते यात. हं. आणि बाहेर कशाला काढलीत? — कॉपी? कशाची कॉपी? — अच्छा, गिऱ्हाईक नंतर ओरडतं, माझं हे गेलं, माझं ते गेलं, म्हणून आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवायची. रीत चांगली आहे. काढलीत का? — नाही ना? नक्की नाही? त्या दुसऱ्या मशीनवर काम चालू आहे, ते सुटलं की काढणार होतात. बरं झालं. फार बरं झालं. नाही, असू द्या माझ्या हातात, तुम्ही तळ लावा, मागाल तेव्हा देतो.

आणि तो पासवर्ड — तो विसरून जा. काल मी हौसेने दाखवला. तुम्ही विचारलंत, आजोबा, पासवर्ड माहीत आहे का, आणि मला चेव आला. अक्षरं मला नीट वाचता येत नाहीत, इंग्रजी तर नाहीच, पण हात वाचता येतात. लेथवर मला शिकवलं कुणी? कुणीच नाही. उस्तादाच्या पाठीमागे उभं राहून त्याच्या हाताकडे बघायचं, तो काही सांगायचा नाही, विचारलं तर शिवी घालायचा. बघून बघून चढलो मी मशीनवर. घरी माझी खुर्ची सूनबाईच्या मागेच असते. पडदा ती मला दिसू देत नाही, मी जवळ गेलो की काळा करते, पाणी प्यायला उठली तरी झाकण बंद, वरच्या त्या कॅमेऱ्याच्या भोकाला चिकटपट्टी — पण बोटं कुठे लपवणार? रोज सकाळी तीच बोटं त्याच जागी पडतात. आणि मी काल इथे टकटक टकटक करून दाखवली, तुम्ही वाहवा म्हणालात, मी मिशीत हसलो. घरी जाईपर्यंत हसत होतो. तिला सांगणार होतो, बघ, न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्याने काय ओळखलं ते.

आत काय आहे? काही नाही हो. गाणी असतील. नातीचे फोटो. — हसलात. बरोबर आहे, फोटोंसाठी कुणी कपाटाला कुलूप लावत नाही. मला खोटं बोलता येत नाही, सवय नाही. तशी बोलण्याचीही सवय नाही मला, घरात दिवस दिवस माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणतात भिंत परवडली. आज सकाळपासून तोंड बंद होत नाहीये. आज सकाळी तिने कपाट उघडलं आणि रिकामा कप्पा बघितला. मी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय, उद्या मिळेल. मला वाटलं आता भांडेल. ती भांडली नाही, भाऊ. खाली बसली, फरशीवरच. चेहरा असा झाला — घरात कुणी गेल्यावर होतो तसा. आणि म्हणाली, बाबा, त्यात बायकांचे पत्ते आहेत.

कसले म्हणजे — मारहाणीतून पळून आलेल्या बायका असतात ना, त्यांना लपवायचं काम करते तिची संस्था. कुठे खोली बघून द्यायची, कुठे काम लावून द्यायचं, पोराला शाळेत घालायचं, आणि नवऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मला कुठे माहीत होतं? मला वाटायचं कुठल्या तरी बँकेचं काम असेल, दिवसभर हळू आवाजात बोलते म्हणून. ती रागाने काही बोलली असती तर मी सोसलं असतं. ती फोन घेऊन एकेकीला सांगत बसली — सामान बांधून ठेवा, घाबरू नका, कदाचित जागा बदलावी लागेल. म्हणाली, यंत्र जसंच्या तसं परत आलं नाही तर नोकरी राहत नाही माझी, पण ते जाऊ द्या बाबा, नोकरीचं नंतर बघू. ती स्वतःच इथे येत होती. मी म्हणालो, मी दिलाय, मीच आणतो, तू आत यायचं नाही. तरी आलीच मागोमाग. ती बघा, समोर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, निळी ओढणी — तिने बजावलं होतं, बाबा, दुकानात काही बोलू नका, फक्त घ्या आणि या. आणि मी काय करतोय.

पण तुम्हाला काय, तुम्ही आपले स्क्रूशी खेळणारे. तुम्हाला सांगितलं म्हणून कुठे — माझं आपलं काळीज हललंय. त्यातली एक तर मला आवाजाने ओळखीची झालीय. तिचा फोन आला की सूनबाई मोठ्याने बोलते, एरवी कधी मोठ्याने बोलत नाही. डाव्या कानाने ऐकूच येत नाही तिला. नवऱ्याने मारून कान फोडला. सूनबाई दर वेळी सांगते, उजव्या कानाला लावा हो ताई, उजव्या. मी खुर्चीत बसून ऐकायचो आणि म्हणायचो, ही कोण बहिरी मैत्रीण मिळाली हिला. — का थांबलात? लावा ना. तीनच तर स्क्रू राहिले.

मुलगी? हो, असावी. लहान मुलीचा आवाज येतो फोनमागून, आईला सारखी हाका मारते, ती आईला ऐकू जात नाही, मग सूनबाईच सांगते, अहो, मुलगी बोलावतेय बघा. पण तुम्ही कसं —

नाही. पत्ता मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही. सहज म्हणून विचारताय ना. बरं.

त्या खिळ्याला लहान मुलीच्या केसांच्या रिबिनी टांगल्यात, त्या तुमच्या मुलीच्या का? काल पण बघितल्या मी. काल म्हणालो सुद्धा, मुलगी शाळेत का, तर तुम्ही म्हणालात, आईबरोबर माहेरी. — कधी गेल्या त्या? — कधी गेल्या विचारलं मी. धूळ बसलीय रिबिनींवर. कुठलं गाव माहेर? — उठलात कशाला? कालपासून एवढे गोड बोलत होता. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. ठेवा आधी. मला म्हातारा समजून — मी काही म्हणत नाही तुम्हाला. तुम्ही भले असाल. बायको खरंच माहेरी असेल. कान फुटलेल्या दहा बायका असतील या गावात. मला काय कळतंय, तुमचे हात तर चांगले आहेत, स्वच्छ हात आहेत, काल मी बघत होतो, मनात म्हणालो, कसबी माणूस आहे. उस्तादाचे पण हात तसेच होते.

पट्टी? माझ्या हातात आहे. नाही देणार. हात मागे घ्या. मागे घ्या म्हणतो — माझं वय बघू नका, मनगट बघा. पासवर्ड तुमच्याकडे आहे, मीच दिला, तो परत घेता येत नाही. हीच काय ती राहिलीय.

झालं. मोडली. आवाज पण आला नाही नीट. एवढीशी तर होती. आणखी एकदा मोडतो — हे बघा, चार तुकडे. मजुरी गल्ल्यावर ठेवतो. डबा ठेवून घ्या, बिजागरी बसवा नाहीतर फेका. मी चाललो.

बाहेर काय बघताय? तिकडे नाही. ती पायरीवर कुणीतरी आहे, तिचा माझा काही संबंध नाही, मी काय बोललो ते सोडा, मी बडबडतो. तिकडे बघू नका म्हणतोय ना. — मी जात नाही. बदलला विचार. आणा ते स्टूल इकडे, दारात. बसतो मी. दारातच बसतो. ती उठून घरी जाईपर्यंत तुम्ही पण बसा. बसा खाली. माझ्याकडे बघा.