हातोडीची चाचणी

—नाही नाही, सही नंतर करा, आधी ऐकून घ्या. सगळं समजावून सांगितल्याशिवाय पालकांची सही घ्यायची नाही असं मॅडमनी बजावलंय, आणि मी समजवायला लागले की — बसा ना ताई. ती खुर्ची नको, डुगडुगते. ही घ्या. चिमणीला खेळू दे चटईवर, ठोकळे धुतलेले आहेत. नुकती दोनाची झाली, हो ना? अगदी हवं तेच वय — शी, भाजी निवडल्यासारखं झालं हे बोलणं. पण खरं सांगू का, आमच्या अभ्यासाला एकच मूल कमी पडतंय. ऑटिझम असलेली मुलं सगळी झाली. त्यांचे आईबाप कुठून कुठून येतात, तेही वेळेवर. घोडं अडतं ते ज्यांना काही नाही त्यांच्यापाशी. तुलनेला लागतात ना ती! आणि ज्यांचं पोर ठणठणीत ते कशाला मरायला इकडे येतील — तुम्हाला नाही हं म्हटलं. तुमची चिमणी शेवटची. ती झाली की अभ्यास पुरा. मॅडम आज निवृत्त होतायत, उद्या ही खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार. घाई अजिबात नाही तुम्हाला. फक्त आजच करायचंय.

तुम्ही काय करायचं? काही नाही. काहीच करायचं नाही, तेच तर जड जातं लोकांना. तिकडे कोपऱ्यात मासिक चाळत बसायचं. मी चिमणीबरोबर या लाकडी खुंट्या ठोकणार, आणि ठोकता ठोकता हातोडी अंगठ्यावर मारून घेणार — खोटं खोटं हो! — आणि ओरडणार, ‘आई गं!’ मग अर्धा मिनिट कण्हायचं, तोंड वेडंवाकडं करायचं, आणि शेवटी हसून दाखवायचं, की बरं वाटलं बुवा. तेवढ्यात मूल काय करतं ते काचेपलीकडून टिपून घेतात. बघतं का, खेळ थांबवतं का, जवळ येतं का. तुम्ही मान वर करायची नाही. एकदा एक बाबा मॅडमना लागलं म्हणून पाणी घेऊन धावले, आणि त्यांचं पोर आपलं मजेत ठोकतंय. बाबांना पैकीच्या पैकी मिळाले असते.

ही चाचणी मॅडमनीच बसवली. मॅडम म्हणजे — आईच माझी. कळणारच होतं तुम्हाला, नाक एकच आहे. इथे मॅडम म्हणायचं, घरी आई. घाईत घरीही मॅडम निघतं तोंडातून, तिच्या लक्षात येत नाही. आईची पहिली दहाएक वर्षं ही चाचणी उभी करण्यात गेली. ऑटिझम असलेल्या मुलांना दुसऱ्याचं दुखणं पोचत नाही असं त्यातून निघालं, आणि सत्कार झाला. मग एक मुलगी आली. आईने अंगठा धरून कण्हायला सुरुवात केली तर तिने मान काही वर केली नाही. चेहरा बघितला नाही, जवळ आली नाही. हातोडी उचलली, कपाटात नेऊन ठेवली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकवून बसून राहिली. म्हणजे परत लागायला नको! गुण किती? शून्य. आमच्या रकान्यांत कपाट नव्हतंच ना. आई कितीतरी दिवस जेवताना मध्येच थांबायची. पुढची सगळी वर्षं मग आपल्याच चाचणीत काय चुकलं ते सांगण्यात गेली, त्याबद्दलही सत्कार झाला. शाली दोन्हींच्या सारख्याच. ‘स्वमग्न’ शब्द तिला चालत नाही आता. म्हणते, स्वतःत मग्न तर आमचे प्राध्यापक.

बाई गं! — काही नाही, दार वाजलं वाऱ्याने. मी दचकते जरा. सवय आहे.

भीतीचं काही नाही हो यात. माझ्यावर तर कितीदा झाली ही चाचणी. पहिलं तुलनेचं मूल मीच ना! घरातलं मूल, फुकटचं, हाताशी. मी म्हणे धावत गेले, अंगठ्यावर फुंकर घातली, वर स्वतःच भोकाड पसरलं. आई अजून सांगते लोकांना — काय सुंदर प्रतिसाद! मग प्रत्येक नव्या तुकडीआधी तालीम घरी. स्वयंपाकघरात आई गं, अंगणात आई गं. मी धावायची, आणि आई हसायची, बरं झालं म्हणून. मग मी चालत जायला लागले. मग नुसती बघायला लागले. मग — तुमच्या चिमणीचं एकदाच आहे हो ताई! एकदाने काय होतंय?

आज मी करणार, कारण आईचा हात प्लास्टरमध्ये आहे. परवा स्टुलावरून पडली, माळ्यावरचं खोकं काढताना. ओरडली. मी टेबलापाशी चहा पीत होते. आणि मी — बसले ना. हसेल आता, म्हटलं. कप संपवला. हसली नाही तेव्हा मान वर केली. ती फरशीवर आडवी, मनगट भलतीकडे वळलेलं, आणि माझ्याकडे टक लावून बघतेय. मी उठवायला गेले तर म्हणते, ‘थांब. आधी सांग, ऐकलंस तेव्हा मनात पहिलं काय आलं तुझ्या?’ मनगटाचा चुरा, आणि बाई मुलाखत घेतेय! मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, आज चांगलं जमलंय तुला, असं वाटलं.

तिने डोळे मिटून घेतले. दुखत असणार. मनगट हो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पडल्यावर लगेच आणलंत ना? तर आई म्हणाली, हो, मुलगी धावतच आली. इतक्या वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही हो तिने! सहकारी तिला हट्टी म्हणायचे. आणि तिथे, कोणी न मागता — जाऊ दे. तुम्ही अशा का बघताय? कुठे उठलात? अहो, चाचणी साधी आहे, मीच वाईट सांगतेय. हात दाखवून अवलक्षण माझं. आईला एवढं एकच मूल हवंय, एवढं मी तिला — बसा ना. हातोडी खणात ठेवते तोवर, चिमणीला आधीच दिसायला न—

काही नाही. काही झालं नाही. खण अडकतो जरा. अंगठा — काही नाही हो, रक्त नाही. चिमणे, तू कशाला उठलीस? ठोकळे बघ तुझे. मी ओरडलेसुद्धा नाही, हिला कसं कळलं? अगं, अगं, राहू दे. ताई, हिला घ्या हो तिकडे. फुंकर घालतेय बघा. आता कसली चाचणी? चाचणीआधी कुणाला लागलेलं मुलाने पाहिलं की ते मूल बाद, आईचाच नियम आहे. गेलं शेवटचं मूल. आता तिला काय सांगू मी? काचेपलीकडे बसलीये ती, सही झाली की आवाज चालू करू म्हणून — नुसतं दिसतंय तिला. उठलीच बघा. प्लास्टरचा हात घेऊन येतेय इकडे, धावतेय काय, पडेल ना परत! निघा तुम्ही. खरंच, निघा. दार ओढून घ्या. चिमणे, सोड ना गं अंगठा. सोड.