हेमंतरावांचा डाबो

हसा, हसा! पण शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, मी स्वतः मागच्या सीटवर बसलेलो होतो... म्हणजे, नव्हतो बसलेलो, मला कोण बसवतंय! पण हेमंतरावांनी इतक्यांदा ऐकवलंय की माझीच मान दुखायला लागलीय. आणि त्यांची नवी गाडी कसली, तर ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, सगळं आपोआप! शोरूमवाला म्हणाला, "सर, आपोआप!" आणि गडी भाळला. भाळणारच हो! जळगावकडचा माणूस, सिल्वासाजवळ गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मॅनेजर, दिवसभर प्रत्येक काम बोंबलून करून घ्यायचं, त्याला 'आपोआप'चं केवढं अप्रूप!

आणि झालं काय? सिल्वासातून निघायचं, जरा वेग घ्यायचा, की गाडी अडखळणार... विचारात पडणार... जाऊ की नको, जाऊ की नको... आणि गचका! एकदा तर असा गचका, की हेमंतरावांचा चष्मा उडाला तो थेट डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या सोंडेवर जाऊन बसला! गचका? तोही आपोआप!

नेली सर्व्हिस सेंटरला. टायवाल्याने कॉम्प्युटर जोडला. "सर, एकही एरर नाही." ऑइल बघितलं, झकास. स्वतः चक्कर मारून आला. "सर, लोण्यासारखी चालते!" हेमंतराव बसले, गेटबाहेर पडले... गचका! आता तुम्हीच सांगा, त्याच्या हातात लोणी आणि यांच्या हातात खेचर, याचा अर्थ काय? घरी येऊन बायकोला म्हणतात, "सुवर्णा, या गाडीला मी आवडत नाही." सुवर्णावहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, ती गाडी आहे, माझी आई नाही!"

मग कुणीतरी ललितभाई सुचवला. नरोली रोडचा गॅरेजवाला, गळ्यात जाड साखळी, तोंडात मावा, आणि गाडीत बसायच्या आधीच निदान सुरू: पेट्रोल खराब, बॅटरी खराब, टायर खराब, रस्ता खराब, सगळाच जमाना खराब! तो शेजारी बसला, हेमंतराव चालवायला, गाडी निघाली, अडखळली, गचका! ललितभाईने खाली वाकून बघितलं, बोट दाखवलं आणि माव्याची गुळणी सांभाळत म्हणाला, "साहेब, आ डाबो ज नडे छे! डाबो काढी नाखो, पछी जुओ!"

हेमंतरावांनी बोटाच्या दिशेने बघितलं. तिथे काय? गिअरच्या दांड्याशेजारी, अगदी पायाला खेटून, वहिनींनी दिलेला जेवणाचा डबा! इतकी वर्षं सिल्वासात राहिलेला माणूस, त्याला काय एवढं गुजराती कळत नाही? डब्बो नडतोय, डब्बो काढा!

आणि पुन्हा माणूस इंजिनीअर! इंजिनीअरला कारण लागतं, नसलं तर तो तयार करतो. "सुवर्णा, सोपं आहे. स्टीलचा डबा, आत गरम भरीत, खाली सेन्सर. सेन्सरला वाटतं गिअरबॉक्स तापली!"

वहिनींचं लाटणं थांबलं. "म्हणजे माझं भरीत तुमच्या गाडीला सोसत नाही?"

"तसं नाही गं, तांत्रिकदृष्ट्या..."

"कँटीनमध्ये जेवा. तांत्रिकदृष्ट्या!"

झालं! भाजलेल्या वांग्यांचं भरीत गेलं, कळण्याची भाकरी गेली, ठेचा गेला, नशिबी आली कँटीनची डाळ, जिच्यात डाळ शोधायला माणूस लावावा. घरी वहिनी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे बोलेनात. आणि गचके? चालूच! आपोआप!

रविवारी वहिनी उठल्या, भरीत केलं, डबा भरला, मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. "चला दुधनीला, धरणाकाठी. बघू दे मला, कोण नडतंय ते." गाडी निघाली. अडखळली... गचका! वहिनींनी डबा घट्ट धरला आणि खाली बघितलं.

"अहो, हा डावा पाय तिथे काय करतोय?"

"कुठे काय? ब्रेकवर आहे. सवयीने जातो, क्लच असायचा ना तिथे!"

"आणि दाबता?"

"गाडी गिअर बदलतेय असं वाटलं की जरासा..."

"ललितभाई काय म्हणाला होता? नीट आठवा."

"डब्बो काढा."

"डब्बो की डाबो?"

हेमंतरावांची नजर वहिनींच्या मांडीवरच्या डब्यावर!

"अहो, डाबो म्हणजे डावा! शेजारच्या जयाबेन रोज ओरडतात, डाबी बाजू कचरो ना नाखो!"

हेमंतरावांनी डावा पाय सीटखाली ओढला. आणि काय सांगू तुम्हाला, गाडी अशी सरकली, अशी सरकली, की वहिनींच्या मांडीवरच्या डब्याचं झाकणसुद्धा वाजलं नाही. दुधनीला पाण्याकाठी बसून दोघांनी भरीत-भाकरी खाल्ली. बोटं चाटता चाटता हेमंतराव म्हणाले, "सुवर्णा, चुकलो गं मी." वहिनींनी आणखी एक भाकरी वाढली.

...बरं, आता असे रोखून बघू नका. सांगतो. गणपतीचा चष्मा मी पदरचा घातला, गाडीत गणपतीच नाही. आणि ते 'चुकलो' म्हणालेलं, तेही माझंच. खरं तर घास गिळून ते एवढंच म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, डाव्या बाजूलाच काहीतरी आहे!" भाकरी मात्र वहिनींनी तरीही वाढली. काय करणार! गिअर पडतात आपोआप, पण नवऱ्याच्या तोंडून 'चुकलो' आपोआप निघेल अशी गाडी अजून शोरूमला आलेली नाही.